नीळ शेवटी, गार पाण्यात

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे वाचताना तुम्ही म्हणाल, काय बाई आहे, सत्तरीच्या आईवर रंगावरून खेकसते! खेकसले खरी. आणि रंग हा माझा धंदा आहे, म्हणून त्याची लाज जरा जास्त वाटते.

मी मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहते आणि खाण्याचे पदार्थ बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. बाटलीतले कृत्रिम रंग काढायचे आणि त्यांच्या जागी फळाफुलांतले, मुळांतले रंग बसवायचे, हे आमच्या टीमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. लाल हवा तर बीट आहे, पिवळ्याला हळद आहे, केशरीला गाजर आहे. निळा म्हटलं की मात्र मीटिंगमध्ये सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. निसर्गाने लाल-पिवळा सढळ हाताने दिलाय आणि निळ्याच्या वेळी हात आखडता घेतलाय. बेरीतला निळा-जांभळा मिळतो, पण तो इतका लहरी, की लिंबू पिळलं की लाल होतो, सोडा पडला की निळा होतो आणि जास्त आच लागली की त्याचा चिखल होतो.

आणि आमच्या घरात तर निळ्यावाचून चालत नाही. एप्रिलमधली आमची जयंती म्हटली की महाराष्ट्रातल्या माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही. निळे झेंडे, निळे फेटे, निळ्या पताका. इथे आम्ही तीसेक कुटुंबं मिळून एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतो. वंदना होते, मुलांची भाषणं होतात आणि शेवटी दुकानातून आणलेला निळ्या आयसिंगचा केक कापतो. त्या केकने मुलांच्या जिभा दुसऱ्या दिवसापर्यंत निळ्या राहतात. गेल्या वर्षी माझी नऊ वर्षांची लेक तशी जीभ बाहेर काढून म्हणाली, "आई, यू मेक नॅचरल कलर्स ना? मग आपण हे का खातो?" सगळ्यांच्या देखत विचारलं कार्टीने. मीही तोऱ्यात सांगून टाकलं, की पुढच्या जयंतीला निळा मी करून आणीन, बाटलीला हात न लावता.

हे बोलताना माझ्या डोळ्यांसमोर कॅफेटेरिया नव्हता, आई होती. डिसेंबरमध्ये ती सहा महिन्यांसाठी येणार होती. तिची पहिलीच अमेरिका आणि अमेरिकेतली पहिलीच जयंती.

आमची वस्ती मुळशीच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून. तिथे निळ्याबाबत शेवटचा शब्द आईचा. झेंड्यांचं कापड दर वर्षी नवं कुठून आणायचं? उन्हाने विटलेले झेंडे आईकडे यायचे, ती ते धुवायची आणि घट्ट नीळ घातलेल्या पाण्यातून काढायची. कपड्यांना घालतो तीच नीळ. पण तिच्या हातून निघालेला झेंडा पुन्हा नवा दिसायचा. दोरीवर वाळत घातलेल्या झेंड्यांपुढे उभं राहून ती डोळे बारीक करून बघायची आणि एखादा काढून पुन्हा बुडवायची. वस्तीतले बाप्ये म्हणायचे, बास की आता. ती ऐकायची नाही.

जयंती झाली की करवंदांचे दिवस. आई पहाटे डोंगर चढायची, काट्यांतून करवंदं काढायची आणि पळसाच्या पानांचे द्रोण भरून एसटी स्टँडवर विकायला बसायची. दोन महिने तिचे हात काळे-जांभळे. कितीही घासले तरी नखांच्या कडा तशाच. तालुक्याच्या शाळेत एकदा ती मला डबा द्यायला आली, तेव्हा बाजूच्या मुलीने विचारलं, "त्यांच्या हातांना काय झालंय गं?" मी सांगितलं, "कोण जाणे." आईने ते ऐकलं का, मला आजपर्यंत माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. पुढे रसायनशास्त्र शिकले तेव्हा कळलं, की करवंदातल्या त्या रंगाला अँथोसायनिन म्हणतात. आता ते नाव घेऊनच पोट भरते.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही मोंटानाला गेलो होतो. डोंगरातल्या एका वळणावर एक बाई टेबल मांडून हकलबेरी विकत होती. ही बेरी शेतात लावून नीट येत नाही म्हणतात, डोंगरावर जाऊन वेचूनच आणावी लागते. त्या बाईची बोटं मी आधी बघितली, बेरी नंतर. जांभळी बोटं, नखांच्या कडा काळ्या. नवरा गाडीतून "चल ना यार, उशीर होतोय" म्हणून हाका मारत होता आणि मी चार मोठ्या पिशव्या घेऊन, बर्फाच्या पेटीत घालून, दोन दिवसांचा रस्ता तुडवत घरी आणल्या. तेव्हाच ठरलं. ज्या डागाची मला शाळेत लाज वाटली, तोच निळा करून जयंतीच्या ताटात ठेवायचा आणि आईच्या तोंडून "निळा झाला गं" एवढं ऐकायचं. दुसरं काही नको होतं मला.

आई आली. पहिल्या आठवड्यातच बर्फ पडला. खिडकीशी उभी राहून म्हणाली, "आगं, हितलं बर्फ पिवळं आसतं व्हय?" मी स्वयंपाकघरातून ओरडले, "लाइटचा उजेड असेल गं." तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. लाइट कुठले लागणार? पण मी पोळ्या लाटत होते, लक्ष नव्हतं.

लेकीशी तिचं चांगलं जमलं. लेक इंग्रजीत बोलायची, आजी मराठीत आणि दोघींचं अगदी व्यवस्थित भांडण व्हायचं. फेब्रुवारीत मी हकलबेरीची एक पिशवी वितळायला काढली तेव्हा आईने लेकीला करवंदांचा खेळ शिकवला. आमच्याकडे सगळी पोरं खेळतात. करवंद हातात धरून विचारायचं, "कोंबडा का कोंबडी?" समोरच्याने सांगायचं, मग चावायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आई या खेळात कधी हरत नसे. बाहेरूनच ओळखायची.

दुकानातल्या ब्लूबेरी लेकीने चावून बघितल्या, सगळ्या कोंबड्या. हकलबेरी चावली, आतून जर्द जांभळी. "कोंबडा!" म्हणून ती नाचायला लागली. मग आजीची पाळी आली. आईने एक बेरी चावली, अर्धी बोटांत धरली, थोडा वेळ बघितली आणि लेकीपुढे केली. "बघ बाय, काय निघालं?" लेक म्हणाली, "आजी, यू लुक!" आई म्हणाली, "तूच सांग, माझी शानी ती." मला वाटलं, नातीचे लाड चाललेत. कौतुकाने हसलेसुद्धा मी.

मग प्रयोग सुरू झाले. बेत साधा होता. ओल्या खोबऱ्याच्या वड्या करायच्या, कारण खोबरं पांढरं, त्यावर रंग उठून दिसतो. पहिल्या खेपेला मी बेरीचा रस थेट खोबऱ्यात घालून आटवला. वड्या झाल्या कसल्या, तर जुन्या सिमेंटच्या रंगाच्या. नवरा नागपूरचा, बोलायला मागेपुढे बघत नाही. "हे शत्रूला द्यायचं आहे का?" म्हणाला आणि चार खाल्ल्या.

रस आंबट असतो तोवर रंग लालसरच राहणार, हे मला माहीत होतंच. म्हणून दुसऱ्या खेपेला उकळत्या मिश्रणात चिमूट-चिमूट खायचा सोडा टाकला. फसफसून वर आलं, क्षणभर असा सुंदर निळा झाला की मी "आलाऽऽ!" म्हणून किंचाळले. लेक धावत येईपर्यंत तो हिरवा झाला आणि नवरा येईपर्यंत शेवाळी. चव तर साबणाची. दहा वर्षं याच रंगावर काम करतेय मी, आणि घरच्या कढईत हसं झालं. मी उलथनं आपटलं. नारळ आणि साखर वाया गेली त्यापेक्षा आईसमोर फजिती झाली याचा राग जास्त.

आई टेबलाशी लसूण सोलत होती. बोटांनी चाचपून सोलायची, मान वर असायची. म्हणाली, "आगं, नीळ कधी घालत्यात?"

"म्हणजे?"

"कपडे उकळताना घालत्यात का? उकळायचं, धुवायचं, पिळायचं. समदं झालं की शेवटी, गार पाण्यात नीळ. ऊन पाण्यात घातलीस तर ती बसंल का?"

मी कढई उतरवून ठेवली. लॅबमध्ये हे मला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. आच लागली की हा रंग तुटतो, हे मी दुसऱ्यांना स्लाइड दाखवून सांगते. पण स्वयंपाकघरात आल्यावर मी आपली आटवत बसले होते, कारण वडी म्हटली की आटवायची हेच हाताला ठाऊक.

"शिवाय जांभळं खाऊन हात साबणानं धुतलं, की फडकं कसलं निळं व्हायचं, आठवतंय ना? गारच पाणी असायचं ते," आई म्हणाली आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

तिसऱ्या खेपेला मी साखर-खोबरं पांढरंच शिजवून घेतलं आणि थंड होऊ दिलं. बेरीचा दाट रस वेगळा गाळला आणि आच न लावता फ्रिजमध्ये ठेवला. त्या गार रसात सोडा घातला, अगदी सुईच्या टोकावर मावेल एवढा एवढा करत. जांभळ्याचा निळा झाला आणि निळाच राहिला. तो थंड खोबऱ्यात कालवला, थापला, वड्या पाडल्या. खरं सांगते, बाटलीतल्या रंगासारखा झगझगीत नव्हता. विरलेल्या झेंड्याचा असतो तसा, जरा मवाळ. पण निळा होता. साबणाची चव नव्हती. माझा जीव भांड्यात पडला.

ताटली घेऊन आईपुढे गेले. मार्चचा शेवट होता, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. "बघ," म्हटलं.

आईने ताटली उजेडाला धरली. तसेच डोळे बारीक केले, झेंड्यांपुढे करायची तसे. खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "राखेवानी वाटतंय गं. मळकं."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. "आई, नीट बघ."

"नीटच बघतेय. तू म्हणतेस तर आसंल."

तू म्हणतेस तर आसंल! माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी मी एक वडी डबीत घालून लॅबमध्ये नेली. आमच्याकडे रंग मोजायचं यंत्र असतं. त्याच्या भिंगाखाली पदार्थ ठेवला की तो किती निळा, किती लाल, हे आकड्यात येतं. जेवणाच्या सुट्टीत वडी ठेवली, आकडे बघितले आणि घरी येऊन कोट न काढताच सांगितलं, "यंत्र म्हणतंय निळा आहे."

आई म्हणाली, "यंत्राला डोळे आसतील बाई माझ्यापेक्षा चांगले."

झालं. मला तो टोमणा वाटला. जे तोंडाला येईल ते बोलले. तुला माझं कधी काही पटलंय का. पहिला नंबर आला तरी गणितात कमी का विचारायचीस. लोकांचे झेंडे तुला निळे दिसतात, माझं केलेलं तेवढं मळकं. आई उठून तिच्या खोलीत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. जाताना तिने दाराची चौकट हाताने चाचपली, तेही मी पाहिलं आणि त्याचंही काही वाटलं नाही मला. रागात माणसाला दिसत नाही म्हणतात ते खोटं नाही.

त्यानंतर दोन आठवडे आमच्यात कामापुरतं बोलणं. चहा झाला का, झाला. औषध घेतलंस का, घेतलं. नवऱ्याने मध्ये पडायचा प्रयत्न केला, त्यालाही मी उडवून लावलं.

जयंतीच्या दिवशी सकाळी मी आदल्या रात्री पुन्हा केलेल्या वड्या डब्यात भरत होते. बाहेर एप्रिलचा अर्धवट वितळलेला बर्फ. आई साडी नेसून बाहेर आली. येताना तिने दोन पांढऱ्या साड्या आणल्या होत्या, एक निळ्या काठाची, खास जयंतीसाठी घेतलेली आणि दुसरी अशीच घरात नेसायला, गडद हिरव्या काठाची. तिने हिरव्या काठाची नेसली होती. केसांना तेल लावून, चापूनचोपून, अगदी तयार होऊन उभी होती.

लेक म्हणाली, "आजी, व्हाय ग्रीन? तू म्हणालीस ब्लू नेसणार."

"निळीच हाय की गं," आई म्हणाली.

"नो, आजी. इट्स ग्रीन."

आईने पदर उचलला. डोळ्यांजवळ नेला. मग खिडकीशी गेली आणि काठ उजेडात धरून बघायला लागली, या बाजूने, त्या बाजूने. जिने चाळीस वर्षं वस्तीचे झेंडे निळीतून काढले ती माझी आई जयंतीच्या दिवशी हिरवा काठ निळा समजून नेसली होती.

मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. पिवळं बर्फ. अर्धी बेरी लेकीपुढे धरणं. मान वर करून लसूण सोलणं. यंत्राला डोळे आसतील माझ्यापेक्षा चांगले. तो टोमणा नव्हता गं बाई, ती खरं सांगत होती! मोतीबिंदू पिकला की डोळ्यापुढे पिवळी काच आल्यासारखं होतं आणि सगळ्यात आधी निळा जातो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. रंगाचं वाचायचं म्हणून वाचलं होतं. घरातल्या डोळ्यांशी त्याचा संबंध लावला नाही.

मी डबा तसाच टाकला आणि तिला धरून पलंगावर बसवलं. "किती दिवस झाले, आई?"

ती आधी "कशाला?" म्हणाली. मग म्हणाली, "दोन वरसं झाली आसतील. आधी धुकं आलं. मग समद्यावर हळदीचं पाणी शिंपडल्यावानी दिसाया लागलं. डॉक्टर म्हणला, ऑपरेशन करा."

"मग केलं का नाहीस? मला का सांगितलं नाहीस?"

"आपल्या वस्तीतल्या म्हातारीचा डोळा गेला नव्हता का ऑपरेशनात? म्हणलं, आधी जेवढं दिसतंय तेवढ्यात नातीचं तोंड बघून घेऊ. तुझं घर बघू. मग डोळा राहू दे नायतर जाऊ दे. तुला सांगितलं आसतं तर तू विमानात बसू दिलं आसतंस?"

नसतं बसू दिलं. आधी ऑपरेशन कर म्हणून फोनवर डोकं खाल्लं असतं तिचं.

"आणि तुझा रंग मी वाईट नाय म्हणले," ती म्हणाली. "मला राख दिसली, मी राख म्हणले. तू एवढ्या आशेनं विचारलंस, तुला खोटं कसं सांगू?"

मला रडू फुटलं. मोठ्याने रडले, लेक दारात उभी होती तरी. आई मला थोपटत राहिली, म्हणत राहिली, "आगं, वड्या राहिल्यात ना भरायच्या, ऊठ." तिला शाळेतलं ते "कोण जाणे" सांगून टाकावं असं फार वाटलं. नाही सांगितलं. तिची दुसरी साडी काढली आणि मीच नेसवली. तिने काठ बोटांनी चाचपला. "हिला बुट्टी हाय काठावर," म्हणाली. "आता नाय चुकायची."

कॅफेटेरियात वंदना झाली, भाषणं झाली. माझ्या लेकीने अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी भाषण केलं, त्याला सगळ्यात जास्त टाळ्या आजीच्या. मग वड्यांचं ताट टेबलावर आलं. दुकानातला केक नसल्यामुळे मुलांची तोंडं जरा उतरली होती. मोठी माणसं भोवती जमली. पुण्याचे एक काका, स्वभावाने चांगले पण चेष्टेखोर, वडी उचलून म्हणाले, "मॅडम, हा निळा जरा लाजतोय वाटतं! का जांभळा म्हणायचा?" दोघं-तिघं हसले. माझ्या नाकावर राग चढलाच. सकाळपासून रडून माझे डोळे सुजलेले, त्यात हे. मी तोंड उघडणार एवढ्यात शेजारून आईचा हात आला आणि तिने ताटातून एक वडी उचलली.

खिडकीच्या उजेडात धरली. डोळे बारीक केले. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "निळी हाय. अस्सल निळी. चाळीस वरसं झेंडे निळीतून काढलेत मी, मला निळा कळत नाय का? डोंगरच्या फळाचा रंग हाय हा, माझ्या लेकीनं काढलेला."

काका वरमले. "मावशी, तुम्ही म्हणता म्हणजे निळीच," म्हणाले आणि आणखी एक घेतली. ताट दहा मिनिटांत रिकामं झालं. मी आईच्या डोळ्यांकडे बघत होते. इतके महिने रोज समोर असून मला दिसलं नव्हतं, बुबुळांवर दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं. घरात दोघीच असताना मला खोटं न सांगणारी बाई माझ्यासाठी सगळ्यांच्या देखत, आपल्याला न दिसणाऱ्या रंगाची साक्ष देत होती.

पुढच्याच आठवड्यात तिला परत पाठवलं. इथे ऑपरेशन करावं असं मला वाटत होतं, पण तिच्या प्रवासाच्या विम्यात जुनं दुखणं बसत नव्हतं आणि तिलाही तिकडेच करायचं होतं. भाऊ पुण्यात आहे, तो घेऊन जाणार होता. माझे व्हिसाचे कागद मध्येच अडकलेले, देशाबाहेर गेले तर परत येता येईल की नाही याचा भरवसा नव्हता. विमानतळावर ती लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून इतका वेळ बघत राहिली, की रांगेतल्या मागच्या माणसाने त्याची बॅग घेऊन दुसरी रांग धरली.

घरी आल्यावर उरलेली एक वडी फ्रिजमध्ये सापडली. ती हिरवट पडली होती. सोड्यातला निळा टिकत नाही, चार-आठ दिवसांत विटतो, हेही मला ठाऊक होतं. पुन्हा करता आली असती म्हणा. पण आईने जिची साक्ष दिली ती वडी तिला आता कधीच दिसणार नव्हती. हे मनातून जाईना. ऑपरेशन झालं त्या दिवशी मी लॅबमध्ये तीनदा एकच नमुना मोजला आणि तिन्ही वेळा आकडा लिहायला विसरले. भावाचा मेसेज आला, "झालं. ठीक आहे." तेव्हा बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

दहा-बारा दिवसांनी तिचा व्हिडिओ कॉल आला. आमची संध्याकाळची जेवणं चालली होती, तिकडे सकाळ. ती हट्टाने भावजयीला घेऊन वस्तीवर परत गेली होती. डोळ्यांवर काळा चष्मा, पण तो तिने वर सरकवलेला. "चष्मा लाव आधी!" मी ओरडले. "गप गं," ती म्हणाली. "तुझ्या भावजयीला म्हणलं फोन धर, मला दोन हात लागत्यात."

अंगणात दोरी होती आणि खाली बादली. शेजारच्या पोरांनी आणून दिलेली करवंदं तिने पांढऱ्या फडक्यात चुरडली होती. फडकं जांभळं-लाल झालेलं. ते तिने बादलीत बुचकळलं, साबण लावला, चोळलं, गार पाण्यातून काढलं, पिळलं आणि दोन्ही हातांनी पसरून फोनपुढे धरलं. तिचे हात पुन्हा तसेच, नखांच्या कडा काळ्या.

"ते बघ," ती म्हणाली. "मला आता समदं दिसतंय. आभाळ बघून तर मी दोन दिस येड्यावानी अंगणातच बसले होते. बरं, हे सांग. एवढी निळी होती का तुझी वडी?"

लेक माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. मी फोन जवळ घेतला. फोनच्या पडद्यावरच्या रंगावर आमच्या धंद्यात कुणी विश्वास ठेवत नाही. एकाच्या फोनवर निळा दिसतो, दुसऱ्याच्या फोनवर करडा. शिवाय तिकडचं मे महिन्याचं ऊन, ओलं कापड. फडक्याचा खरा रंग काय होता, मला सांगता आला नसता. आणि जेवढा दिसत होता तेवढा तरी तो माझ्या वडीपेक्षा चांगलाच गडद होता.

"हो आई," मी म्हटलं. "एवढीच निळी होती."

आईने फडकं खाली केलं. तिचा चेहरा असा खुलला, की भावजयसुद्धा मागून हसली.

"बघ," आई म्हणाली. "मग त्या दिवशी सगळ्यांच्या देखत मी खोटं नाय बोलले." आणि ते फडकं तिने झटकून दोरीवर वाळत घातलं.